होल ग्राउट घेईनासा झाला, म्हणजे फट भरली का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दख्खनच्या बेसाल्टवर उभं असलेलं जुनं दगडी धरण, आणि गॅलरीतून (धरणाच्या आतल्या बोगद्यातून) पायाचं कर्टन ग्राउटिंग चालू आहे, म्हणजे खडकात होल मारून फटींत सिमेंट-पाण्याचं मिश्रण (ग्राउट) दाबून पाणी अडवणारा पडदा तयार करणं. पर्कोलेशन टेस्टमध्ये (होलमध्ये दाबाने पाणी सोडून खडक किती पाणी घेतो ते मोजताना) १० ल्युजॉन दाखवणारी एक स्टेज (होलचा एका वेळी भरायचा टप्पा) सिमेंटच्या दोन बॅगा घेते आणि बंद होते. शेजारच्या होलमधली तेवढंच पाणी घेणारी स्टेज मात्र चाळीस बॅगा घेऊनही थांबत नाही. काम संपल्यावर तपासणीसाठी मारलेल्या चेक होलमध्ये अजून ६ ल्युजॉन येतात. एम.टेक.च्या प्रबंधासाठी साधं सिमेंट आणि मायक्रोफाइन सिमेंट यांची तुलना करावी का, आणि प्रेशर वाढवून प्रश्न सुटेल का?

तुलना जरूर करा, पण प्रबंधाचा मुख्य प्रश्न थोडा बदला. 'कुठलं सिमेंट चांगलं' याआधी 'रिफ्युजल (होलने ग्राउट घेणं थांबवणं) खरं होतं की खोटं' हे ठरवावं लागतं. फट भरल्यामुळे होल थांबला तर ते खरं रिफ्युजल. फटीच्या तोंडाशी सिमेंटचे कण अडकून बूच बसलं तर ते खोटं. प्रेशर गेजवर दोन्ही सारखेच दिसतात, नोंदवहीत दोन्हीपुढे 'रिफ्युजल' असंच लिहिलं जातं, आणि चेक होलमधले ६ ल्युजॉन बहुतेक वेळा या गल्लतीतूनच येतात.

आधी फटीचा आकार बघू. १ ल्युजॉन म्हणजे १० बार प्रेशरला होलच्या दर मीटरला मिनिटाला १ लिटर पाणी. तुमची स्टेज ५ मीटरची धरली आणि त्या ५ मीटरमध्ये एकच गुळगुळीत फट आहे असं मानलं, तर १० ल्युजॉनसाठी ती फट साधारण ०.२ मिमी रुंद निघते. तेच १० ल्युजॉन दहा सारख्या फटींत विभागलेले असतील तर प्रत्येक फट जेमतेम ०.०९ मिमीची. पाण्याचा प्रवाह फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून आकडे इतके जवळ येतात आणि म्हणूनच फसवतात. पाण्याला दोन्ही स्टेज सारख्या, सिमेंटला अजिबात नाहीत.

साध्या सिमेंटचे, म्हणजे ओपीसीचे, ९५ टक्के कण ज्या आकाराच्या आत येतात तो आकार, म्हणजे डी-९५, ६० ते ८० मायक्रॉन असतो. फट त्याच्या पाचपट रुंद असेल तर ग्राउट बिनधास्त जातं आणि दुपटीपेक्षा अरुंद असेल तर जात नाही, हा बराच जुना आणि टिकलेला नियम आहे. तिप्पट धरून चाललं तरी ७० मायक्रॉनच्या सिमेंटला २१० मायक्रॉन, म्हणजे ०.२१ मिमीची फट लागते. एकच फट असलेली तुमची स्टेज बरोबर काठावर आहे. दहा फटींच्या स्टेजमध्ये ओपीसी जाणारच नाही, पंपाने कितीही जोर केला तरी. मायक्रोफाइनचा डी-९५ २० मायक्रॉनच्या आत असतो, म्हणजे ०.०६ मिमीपर्यंत आशा आहे. तेव्हा मायक्रोफाइनची जागा कुठे हे केवळ ल्युजॉनच्या आकड्यावरून ठरवता येत नाही. कोअरमध्ये (होलमधून काढलेल्या खडकाच्या नळकांड्यात) दर मीटरला किती सांधे, ते उघडे की झिओलाइट-कॅल्साइट या खनिजांनी भरलेले, त्यांवर तांबूस पाण्याचे डाग आहेत का, हे ल्युजॉनच्या शेजारच्या रकान्यात यायलाच हवं.

आता चाळीस बॅगांचा होल. पाणी-सिमेंट प्रमाण वजनाने १ असेल तर ५० किलोच्या बॅगेचं सुमारे ६६ लिटर ग्राउट होतं. चाळीस बॅगा म्हणजे साधारण २,६४० लिटर. हे सगळं ०.२ मिमीच्या एका फटीत गेलं असं मानलं, तर ते होलभोवती ६५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात पसरलेलं असायला हवं. असं घडत नाही. तीन शक्यता उरतात: प्रेशरने फट उचलून रुंद केली, ग्राउट दोन लाव्हा-प्रवाहांच्या उघड्या सांध्यात शिरलं, किंवा ते खालच्या बाजूला नदीपात्रात बाहेर पडतंय. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. जास्त बॅगा गेल्या म्हणून होल चांगला झाला असा निष्कर्ष मात्र तिन्हींत चूक ठरतो. हा हिशेब प्रत्येक मोठ्या टेकसाठी (होलने घेतलेल्या ग्राउटसाठी) करायची सवय लावा, कागदावर दोन मिनिटं लागतात.

कुठली शक्यता खरी, हे बऱ्याच अंशी पर्कोलेशन टेस्टच सांगते, ती पाच पायऱ्यांत केली असेल तर. कमी, मध्यम, जास्त, पुन्हा मध्यम, पुन्हा कमी, आणि प्रत्येक पायरीला १० मिनिटं. पाचही पायऱ्यांचं ल्युजॉन काढून शेजारी शेजारी मांडायचं. सगळी सारखी आली तर साधा संथ प्रवाह. सर्वांत जास्त प्रेशरला ल्युजॉन कमी झालं तर प्रवाह खळाळता, म्हणजे फट मोठी. जास्त प्रेशरलाच ल्युजॉन उडी मारतं आणि परतताना पुन्हा खाली येतं, तर फट प्रेशरने उघडते आणि मिटते. वाढत जाऊन परत येतच नाही, तर आतली माती धुऊन निघतेय. हे वाचन ग्राउटिंगतज्ज्ञ हौल्सबी यांनी १९७६ मध्ये मांडलं आणि आजही त्याहून सोपं हत्यार नाही. एकाच प्रेशरला केलेली टेस्ट संशोधनाच्या कामाची नाही. आणि गेजचं वाचन म्हणजे स्टेजवरचं प्रेशर नव्हे. गेजपासून स्टेजपर्यंतचा पाण्याचा स्तंभ मिळवा, होज आणि रॉडमधली घट वजा करा, भूजलाची पातळी धरा. गेज पंपावर बसवलेला असेल तर तो होलच्या तोंडाशी आणा.

खोटं रिफ्युजल कामावर ओळखायची एक खूण मला सर्वांत भरवशाची वाटते: परतीच्या लाइनमधल्या ग्राउटची घनता. ग्राउट होलपर्यंत जाऊन उरलेलं अ‍ॅजिटेटरमध्ये परत येतं अशी लाइन असावीच. पाणी-सिमेंट प्रमाण ०.८ असेल तर मड बॅलन्सवर (घनता मोजायच्या तराजूवर) १.६१ यायला हवं. मिक्सरमधून १.६१ जातंय आणि परतीला १.६८-१.७० येतंय, याचा अर्थ फट पाणी शोषून घेतेय आणि सिमेंट होलमध्ये मागे राहतंय. त्या होलला पुढे जे रिफ्युजल येईल ते बुचाचं. दर १० मिनिटांनी दोन्हीकडची घनता लिहा. ज्या प्रबंधात हा रकाना असेल त्याचे बाकीचे आकडे मी विश्वासाने वाचेन.

दुसरी खूण आलेखातून मिळते. प्रेशर स्थिर ठेवून गेलेलं ग्राउट आणि वेळ दोन्ही लॉग पट्टीवर मांडा. स्वीडनमध्ये, मुख्यतः स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठात, स्टिले आणि गुस्ताफसन यांच्या कामातून हा विचार पुढे आला. ग्राउट फटीत चकतीसारखं पसरत असेल तर रेषेचा उतार ०.८ च्या आसपास राहतो, एखाद्या नळीसारख्या वाटेने जात असेल तर ०.४५ च्या आसपास. ग्राउट पोचायला हवं तिथवर पोचण्याआधीच रेषा एकाएकी आडवी झाली तर बूच बसलं समजा. उतार मध्येच वाढू लागला तर फट उचलली गेली किंवा बाहेर गळती सुरू झाली. यासाठी प्रेशर आणि फ्लो दर ५-१० सेकंदांनी नोंदणारा रेकॉर्डर हवा. हाताने मिनिटाला एक नोंद केली तरी जमतं, पण सुरुवातीच्या पाच मिनिटांत काटेकोर राहायला हवं. छोट्या टेकमध्ये होल आणि होजचं आकारमान वजा करायला विसरू नका. ४६ मिमी व्यासाच्या ५ मीटर स्टेजमध्ये ८ लिटर मावतं, २५ मिमीच्या ३० मीटर होजमध्ये जवळपास १५ लिटर. ०.८ च्या मिश्रणाची बॅग ५६ लिटरची, म्हणजे तुमच्या 'दोन बॅगां'मधली एका बॅगेची चाळीस टक्के खडकात गेलेलीच नाही.

बूच का बसतं? सिमेंटचा कण मोठा हे एक कारण झालं. दुसरं कारण ड्रिलिंगचं आहे आणि ते सर्रास दुर्लक्षित राहतं. हवेच्या फ्लशिंगने मारलेल्या होलमध्ये दगडाची पूड फटींच्या तोंडात ठासून बसते. पाण्याने फ्लश करा, परतीचं पाणी स्वच्छ झाल्यावरही आणखी ५-१० मिनिटं चालू ठेवा, आणि मग लगेच टेस्ट व ग्राउटिंग घ्या. आठवडाभर उघडा राहिलेला होल पुन्हा धुतल्याशिवाय वापरू नये.

तिसरं कारण मिश्रण. आपल्याकडे जुन्या कामांत पाणी-सिमेंट १०:१ किंवा ५:१ पासून सुरुवात करून हळूहळू घट्ट करत जायची पद्धत होती. पातळ ग्राउट आत सहज जाईल हा त्यामागचा समज. ५:१ मध्ये घन सिमेंटचा वाटा आकारमानाने फक्त ६ टक्के, ०.८ मध्ये सुमारे २८ टक्के. पातळ मिश्रणातलं सिमेंट खाली बसतं, वरच्या अंगाला पाण्याची पोकळी राहते, आणि आडव्या फटीत ही पोकळी म्हणजे पाझराची तयार वाट. कणाचा आकार तर पाणी घालून कमी होत नाही. लोम्बार्डी आणि डीअर या धरण-अभियंत्यांनी स्थिर मिश्रणाचा (ज्यातून पाणी फारसं सुटत नाही अशा) आग्रह धरला तो यासाठीच, आणि माझंही मत तेच आहे: ०.७ ते १ च्या मधलं एकच मिश्रण, सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता मिश्रण पातळ करणारं रसायन) सिमेंटच्या वजनाच्या ०.५ ते १.५ टक्के, गरज पडली तर १ ते २ टक्के बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी माती). बेंटोनाइट आदल्या दिवशी पाण्यात भिजवून ठेवायचं. कोरडं टाकलं तर त्याच्या गुठळ्याच फटी बंद करतात.

मिश्रण कामावर तपासायला फार काही लागत नाही. मार्श कोनमध्ये (नरसाळ्यासारख्या मापाच्या भांड्यात) दीड लिटर भरून ९४६ मिलि बाहेर पडायला स्वच्छ पाण्याला २६ सेकंद लागतात, ग्राउटला ३० ते ३८ च्या दरम्यान लागावेत. १,००० मिलिच्या नळकांड्यात दोन तासांनी वर सुटलेलं पाणी ५ टक्क्यांच्या आत हवं, २ टक्के आलं तर उत्तम. चिकटपणा मोजायला १० सेंमी बाय १० सेंमीचा खरखरीत पातळ पत्रा ग्राउटमध्ये बुडवून निथळू द्या आणि वजन करा. दोन्ही बाजूंना मिळून सुमारे ४ ग्रॅम ग्राउट चिकटलं तर यील्ड स्ट्रेस (ग्राउट वाहू लागायला लागणारा किमान ताण) २ पास्कल. आत शिरण्याची क्षमता तपासायला ४५, ७५, ९०, १५० मायक्रॉनच्या चाळण्यांतून ठरावीक ग्राउट थोड्या दाबाने सोडून किती पार जातं ते बघा. मिसळल्यावर लगेच, अर्ध्या तासाने आणि एक तासाने. ही शेवटची चाचणी बहुतेक साइटवर होत नाही आणि तुमच्या प्रबंधाचा कणा तीच असायला हवी.

कारण मायक्रोफाइनची खरी अडचण इथेच दिसते. कण जितका बारीक तितकी त्यांची एकमेकांना चिकटून गोळे करण्याची ओढ जास्त. सिमेंट अधिक बारीक केलं की ते अधिक आत जातंच असं नाही, हे स्वीडिश प्रयोगशाळांतही दिसलंय. सुपरप्लास्टिसायझरशिवाय, किंवा मिनिटाला ६०-१०० फेऱ्या मारणाऱ्या साध्या पॅडल मिक्सरमध्ये कालवलेलं मायक्रोफाइन ओपीसीसारखंच वागतं, फक्त पैसे कित्येक पट जास्त जातात. मिनिटाला १,५०० च्या वर फिरणारा कोलॉइडल मिक्सर हवा, २ ते ३ मिनिटं. त्याहून जास्त वेळ फिरवलं तर ग्राउट तापतं आणि लवकर आवळतं. मे महिन्यात टाकीतलं पाणी उन्हात तापलेलं असतं. टाकी सावलीत ठेवा, गोणपाट टाकून ओलं करा. ओपीसीचं ग्राउट दोन तासांनंतर आणि मायक्रोफाइनचं पाऊण ते एक तासानंतर फेकून द्यावं. पावसाळा पाहिलेल्या, तोंड उघडलेल्या बॅगा मायक्रोफाइनसाठी बादच समजा.

प्रेशर वाढवण्याबद्दल. लोम्बार्डीच्या सूत्रानुसार ग्राउट जास्तीत जास्त किती लांब जाईल ते म्हणजे प्रेशर गुणिले फटीची अर्धी रुंदी, भागिले यील्ड स्ट्रेस. निव्वळ ५ बार, ०.२ मिमी फट, २ पास्कल: उत्तर २५ मीटर. प्रत्यक्षातली फट खडबडीत असते, जागोजागी मिटलेली असते, त्यामुळे यातलं निम्मं-पाव धरा. तरीही ३ मीटरवर होल असताना पोच ही अडचणच नाही. अडचण आत शिरण्याची आहे, आणि ती कणाची आहे.

उलट प्रेशर दुप्पट केलं तर त्याच सूत्रांतून पोच दुप्पट, ग्राउट चौपट आणि खडकाला वर उचलणारा जोर आठपट होतो. वरच्याच उदाहरणात ५ बारला तो जोर सुमारे ३३,००० टन येतो, आणि तेवढ्या क्षेत्रावरच्या १० मीटर खडकाचं वजन ५३,००० टन. १० बारला जोर २,६७,००० टन आणि खडकाचं वजन २,१२,००० टन. तोल गेला. होलच्या अगदी जवळ तर त्याच्या कितीतरी आधी फट हलू लागते. धरणाचं वजन गॅलरीखाली मदत करतं, पायथ्यापलीकडे करत नाही. अमेरिकी परंपरेत खोलीच्या दर मीटरला ०.२३ बार आणि युरोपीय परंपरेत १ बार असे ठोकताळे आहेत. दख्खनच्या आडव्या थरांत, विशेषतः वरच्या १० मीटरमध्ये, मी अमेरिकी आकड्याच्या बाजूने झुकेन आणि हालचाल मोजूनच पुढे सरकेन. ०.०१ मिमी वाचणारा डायल गेज खोल अँकरला जोडून ठेवा, काटा हलला की पंप थांबवा. प्रेशर गुणिले आकारमान स्थिर ठेवणारी जीआयएन पद्धत आकर्षक आहे, पण तिची प्रकाशित वक्ररेषा उचलून आपल्या उथळ पायाला लावू नये. ट्रायल पॅनेलवरून स्वतःची काढावी.

प्रेशर वाढवण्यापेक्षा ते कमी-जास्त करणं जास्त आशादायक आहे. केटीएचच्याच प्रयोगांत काही सेकंद पूर्ण प्रेशर, काही सेकंद कमी, अशा संथ आवर्तनांनी फटीच्या तोंडातलं बूच मोडून ग्राउट पुढे सरकल्याचं दिसलं. आपल्या बेसाल्टमध्ये हे तपासणं हा उत्तम विषय ठरेल. पिस्टन पंपाच्या धक्क्यांशी त्याची गल्लत करू नका. ते धक्के नियंत्रणाबाहेरचे असतात आणि त्यांची शिखरं गेजवर दिसतही नाहीत.

खडकाबद्दल एक-दोन गोष्टी, कारण त्यावर सगळं अवलंबून आहे. घट्ट काळ्या पत्थरात थंड होतानाचे उभे सांधे असतात. उभा होल त्यांना समांतर जातो आणि एकही सांधा न कापता खाली उतरतो, म्हणून १५ ते ३० अंश तिरपा घ्या. मांजऱ्या खडक (पोकळ्या खनिजांनी भरलेला बेसाल्ट) ताजा असेल तर सांधे नसलेला आणि पाणी न घेणारा असतो, तिथे ग्राउट जात नाही याची काळजी करू नये. लाल थरात सिमेंट शिरत नाही, कारण तो मुळात मातीसारखा आहे. मात्र त्याच्या वरचा किंवा खालचा सांधा उघडा असू शकतो, आणि चाळीस बॅगा बहुधा तिथेच जातात. तिथे घट्ट मिश्रणाने, कमी प्रेशरने, ठरावीक आकारमान झालं की थांबून, ग्राउट आवळल्यावर पुन्हा होल मोकळा करून भरायचं. लाल थराची घसरण ग्राउटिंगने थांबत नाही, ते काम वेगळं आहे. आणि सर्वांत वरचा थर, पाया आणि खडक जिथे भेटतात तो, कधीही घाईने उरकू नये. अमेरिकेतल्या आयडाहोमधलं टीटन धरण ५ जून १९७६ रोजी फुटलं. त्याचा ग्राउट पडदा खोलवर होता, पण की-ट्रेंचच्या (भरावाखाली खडकात खणलेल्या चराच्या) तळाशी आणि भिंतींत उघडे सांधे राहिले होते आणि भरावाची माती तिथून वाहून गेली.

रासायनिक ग्राउटचा विचार मनात येईल. ०.०५ मिमीच्या खालच्या फटींत तेच जातं, पण धरणाचं पाणी गावं पितात. १९९७ मध्ये स्वीडनच्या हालांडसोस बोगद्यात अ‍ॅक्रिलामाइडयुक्त ग्राउट पाण्यात मिसळून मासे मेले, गाई लुळ्या पडल्या आणि कामगारांनाही बाधा झाली. तुमच्या प्रबंधात ते नको.

प्रयोगाची मांडणी अशी करा. एकाच भूस्तरातले तीन शेजारचे पॅनेल, प्रत्येकी १८ मीटरचं. तिन्हींत प्राथमिक होल ६ मीटरवर, दुय्यम ३ वर, तिसरी फळी दीड मीटरवर. पहिल्यात सगळीकडे ओपीसी. दुसऱ्यात पहिल्या दोन फळ्या ओपीसीच्या आणि तिसरी मायक्रोफाइनची, कारण मोठ्या फटी महागड्या सिमेंटने भरण्यात अर्थ नाही. तिसऱ्यात ओपीसीच, पण आवर्तनी प्रेशर. मिक्सर, पंप, पॅकर, फ्लशिंग तेच. फळीगणिक ल्युजॉन आणि टेक दोन्ही उतरायला हवेत. टेक उतरला आणि ल्युजॉन तसंच राहिलं, तर ते खोट्या रिफ्युजलचं पॅनेल. जलाशयाची पातळी सर्वांत खाली असताना, एप्रिल ते जूनच्या सुरुवातीला हे उरका. पूर्ण जलाशयाला फटीतून वाहणारं पाणी ताजं ग्राउट धुऊन नेतं आणि तुलनाच बिघडते.

चेक होल किमान सात दिवसांनी, तिरपे, कोअर काढून घ्या. कोअरमधल्या प्रत्येक सांध्यात सिमेंट आहे का ते भिंगाने बघा. फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब टाकला तर ताजं सिमेंट गुलाबी होतं, पांढऱ्या झिओलाइटवर तसा रंग येत नाही. रुंदी फीलर गेजने मोजा. ही मोजलेली, सिमेंटने भरलेली सर्वांत अरुंद फट विरुद्ध त्या मिश्रणाचा चाळणीतला आकडा, असा एक आलेख प्रबंधात आला तरी पुढच्या माणसाला तो वापरता येईल. हे एकक ज्यांच्या नावाचं आहे त्या ल्युजॉन यांनी ३० मीटरपेक्षा उंच धरणांसाठी १ आणि कमी उंचीच्या धरणांसाठी ३ ही मर्यादा घातली होती. तुमचे ६ त्यात बसत नाहीत, म्हणून तिसरी फळी लागेलच.

ड्रेनेज होल सगळं ग्राउटिंग संपल्यावरच मारा, आधी मारले तर तेच ग्राउटने भरतात. जुने असतील तर शेजारी ग्राउटिंग चालू असताना त्यांत पाणी सोडत राहा आणि नंतर तपासा. मग प्रत्येक ड्रेनचा प्रवाह आणि अपलिफ्ट प्रेशर (धरणाला खालून वर ढकलणारा पाण्याचा दाब) जलाशयाच्या पातळीसह पुढचा पूर्ण पावसाळा आठवड्याला नोंदवा. पाझर कमी झाला पण अपलिफ्ट वाढलं, असं दिसलं तर पडद्याऐवजी ड्रेन बुजले आहेत.